मेलचा प्रोग्राम बंद केला, पण तो बंद झालाच नाही! मग काय करायचं?



मागच्या रविवारी अकोल्याच्या बॅचमध्ये मसाल्याचं युनिट टाकायच्या तयारीत असलेल्या एका दादांनी विचारलं, "ताई, मी त रोज फुलीवर क्लिक करून आउटलुक बंद करतो. पण कंप्युटर बंद करायला गेलो की ते म्हणते, प्रोग्राम चालूच आहे. काहून?" मी वर्गाला विचारलं, आणखी कोणाचं असं होतं? सात-आठ हात वर आले. मग पुढचा प्रश्न विचारला, तेव्हा तुम्ही काय करता? एकच उत्तर आलं: "बटन दाबून धरतो ना, पाच सेकंद."

त्या पाच सेकंदांबद्दल आज लिहायचं आहे. व्हिडिओमध्ये स्क्रीनवर कुठे क्लिक करायचं ते दाखवलंच आहे. पण हे असं का होतं आणि त्यात तुमचं काय नुकसान होऊ शकतं, ते तिथे दहा मिनिटांत बसत नाही, म्हणून इथे निवांत सांगते.

आधी माझीच गोष्ट. अमरावतीत माझं पॅकेजिंगच्या मालाचं दुकान आहे: खोके, पाऊच, टेप, लेबल. दुकान नवीन होतं तेव्हा अकोला एमआयडीसीतल्या एका दाल मिलने कोटेशन मागवलं होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवा म्हणाले. मी रेट टाकले, पाऊचचे मोठमोठे फोटो जोडले, सेंड दाबलं आणि फुलीवर क्लिक केलं. खिडकी गेली. शटडाउन करताना स्क्रीन म्हणाली, मेलचा प्रोग्राम अजून चालू आहे. मी म्हटलं, राहू दे बाप्पा, घरी जायचंय. 'शटडाउन एनीवे' दाबलं आणि शटर ओढलं. सोमवारी मेल उघडला तर कोटेशन आउटबॉक्समध्येच बसलेलं. मिलने तोवर दुसऱ्याला ऑर्डर देऊन टाकली होती. चूक संपूर्ण माझी. प्रोग्राम मला सांगत होता की माझं काम अजून चालू आहे, आणि मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

तर पहिली गोष्ट समजून घ्या. फुलीवर क्लिक केल्यावर खिडकी बंद होते. प्रोग्राम बंद होतोच असं नाही. दुकानाचं अर्धं शटर ओढलं की गिऱ्हाईक आत येत नाही, पण आत पोरगा गल्ला मोजून राहिलेला असतो. तसंच हे. मेलच्या प्रोग्रामला बंद होण्याआधी बरीच आवराआवर करायची असते: पाठवायचे मेल पाठवणं, सर्व्हरशी चालू असलेलं बोलणं संपवणं, जोडलेल्या बाकी छोट्या प्रोग्रामना 'आता आपण बंद होतोय' असं सांगणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेलची फाईल नीट मिटवून ठेवणं. यातलं एक जरी अडलं तरी तो मागे चालूच राहतो.

आत कोण आहे हे बघायची खिडकी म्हणजे टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटनं एकत्र दाबा. यादीत आउटलुक किंवा थंडरबर्ड, तुम्ही जे वापरत असाल ते, दिसतंय का बघा. वर 'ॲप्स'मध्ये नसेल तर खाली 'बॅकग्राउंड प्रोसेसेस'मध्ये शोधा. दिसलं तर लगेच 'एंड टास्क' दाबू नका! त्याच ओळीत सीपीयू, डिस्क आणि नेटवर्कचे आकडे असतात. आकडे हलत असतील तर तो काम करून राहिला आहे, त्याला करू द्या. चार-पाच मिनिटं तिन्ही आकडे शून्यावर चिकटलेले असतील तर तो खरंच अडकला आहे. माझ्या मते या विषयातलं अर्धं ज्ञान एवढ्याच निरीक्षणात आहे.

आता अडकतो कशामुळे? सोप्या कारणापासून सुरू करू, कारण बहुतेक वेळा तेच निघतं.

एखादी खिडकी मागे लपलेली असते. तुम्ही मेल लिहायला घेतला, गिऱ्हाईक आलं, मेल मिनिमाइझ झाला, विसरलात. संध्याकाळी मुख्य खिडकी बंद केली, पण ती लिहायची खिडकी उघडीच आहे, म्हणून प्रोग्रामही चालू. आउटलुकमध्येही असंच होतं, थंडरबर्डमध्येही. कधी 'ड्राफ्ट सेव्ह करू का?' असा प्रश्न विचारणारी छोटी चौकट टॅलीच्या मोठ्या स्क्रीनमागे उत्तराची वाट बघत बसलेली असते. आउटलुकमध्ये 'बाहेर पडताना डिलिटेड आयटम्स रिकामे करा' हा पर्याय चालू असेल तर तोही रोज असाच विचारतो. म्हणून आधी खालच्या टास्कबारवर नजर टाका. आणि सवय लावून घ्या: फुलीऐवजी फाइल मेनूत जाऊन एक्झिट. फुली एकच खिडकी बंद करते, एक्झिट सगळ्या खिडक्यांना निघायला सांगतो.

दुसरं कारण माझ्या गोष्टीतलं, म्हणजे आउटबॉक्स. यातलं गणित नवीन उद्योजकाला माहीत असायलाच हवं. मेलला जोडलेली फाईल इंटरनेटवरून जाताना एका विशिष्ट पद्धतीने अक्षरांत बदलली जाते आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे २० एमबीचे फोटो वाटेत जवळपास २७ एमबी होतात. तुमचा अपलोड स्पीड १ एमबीपीएस असेल, तर सगळं सुरळीत चाललं तरी साडेतीन मिनिटांच्या वर वेळ लागतो. मधे नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यातून जीमेलसारख्या सेवेची मर्यादा २५ एमबी आहे. त्याच्या वरचा मेल सर्व्हर परत पाठवतो आणि प्रोग्राम पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहू शकतो. अशा वेळी तुम्ही फुली दाबली तर तो बिचारा निघणार कसा?

आउटलुक वापरणाऱ्यांनी एक बारकी गोष्ट लक्षात ठेवा. जायच्या रांगेत असलेला मेल आउटबॉक्समध्ये तिरक्या अक्षरांत दिसतो. 'गेला का बघू' म्हणून तुम्ही तो उघडून बघितला की अक्षरं सरळ होतात आणि मेल रांगेतून बाहेर पडतो. पुन्हा सेंड दाबल्याशिवाय तो जातच नाही. कित्येक जण आपलाच मेल असा अडवून ठेवतात आणि दोष नेटला देतात. अडकलेला मेल काढायचा असेल तर सेंड-रिसीव्ह टॅबवर 'वर्क ऑफलाइन' करा, आउटलुक एकदा पूर्ण बंद करून परत उघडा, तो मेल ड्राफ्टमध्ये ओढा, फोटो छोटे करा किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. मग ऑफलाइन काढून परत पाठवा. आणि गेल्याची खात्री 'सेंट'मध्ये बघूनच करा.

तिसरं कारण थोडं खोलात जातं. मेलच्या प्रोग्रामला चिकटलेले छोटे जोडप्रोग्राम, ज्यांना ॲड-इन म्हणतात. पीडीएफ बनवणारा, अँटिव्हायरसचा मेल तपासणारा, मीटिंगची लिंक टाकणारा. तुम्ही कोणतंही सॉफ्टवेअर टाकताना नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करता ना, तेव्हा यातले दोन-तीन गुपचूप येऊन बसतात. आउटलुक बंद होताना प्रत्येकाला सांगतो, भाऊ, आवरा. एकाने उत्तर दिलं नाही की सगळं थांबतं.

ओळखायचं कसं? कीबोर्डवर कंट्रोल दाबून धरा आणि आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. 'सेफ मोडमध्ये सुरू करू का?' असं विचारेल, हो म्हणा. सेफ मोडमध्ये हे पाहुणे आत येत नाहीत. आता नेहमीसारखं उघडा, दोन मेल बघा, बंद करा. टास्क मॅनेजरमधून झटक्यात गेला? मग चोर ॲड-इनमध्येच आहे. नेहमीसारखा उघडून फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्समध्ये जा. तळाशी 'मॅनेज'समोर 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा. यादी येईल. अर्ध्यांची खूण काढा, आउटलुक बंद करून परत उघडा, पुन्हा बंद करून बघा. फरक पडला तर काढलेल्या अर्ध्यात दोषी आहे, नाही पडला तर उरलेल्यात. अशा तीन-चार फेऱ्यांत एकच नाव उरतं. एकदम सगळे काढले तर दोषी कोण ते कळणार नाही, आणि तुमच्या उपयोगाचा ॲड-इनही जाईल. थंडरबर्डमध्ये हेच काम हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूट मोड'ने होतं.

ॲड-इनचे भाऊबंद म्हणजे बाहेरून मेलच्या प्रोग्रामला धरून बसणारी सॉफ्टवेअर. बिल थेट मेल करणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर, फोनचे कॉन्टॅक्ट जुळवणारं सॉफ्टवेअर वगैरे. जुन्या आउटलुकमध्ये बाहेरच्या कोणी हात धरला असेल तर तो बंदच व्हायचा नाही. २००९ साली आउटलुक २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून मायक्रोसॉफ्टने हे बदललं. तेव्हापासून तुम्ही बंद करा म्हटलं की बाहेरच्यांनी धरलेलं असलं तरी आउटलुक निघतो. आपल्याकडे सेकंडहँड कंप्युटरवर २००३ किंवा २००७ चं ऑफिस आजही भेटते. ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी आधी बिलिंग सॉफ्टवेअर बंद करायचं, मग मेल. खरं म्हणजे इतक्या जुन्या ऑफिसला सुरक्षेचे अपडेट कधीचेच बंद झालेत, त्यामुळे ते बदलायची तयारी करा. पण खर्च एका दिवसात होत नाही हे मलाही माहीत आहे.

थंडरबर्डवाल्यांसाठी वेगळी दोन कारणं. अकाउंट सेटिंगमध्ये 'बाहेर पडताना इनबॉक्स साफ करा' आणि 'बाहेर पडताना कचरापेटी रिकामी करा' असे पर्याय असतात. ते चालू असले की बंद होताना थंडरबर्ड सर्व्हरकडे जातो. नेट मंद असेल तर तिथेच लटकतो. बंद करून टाका ते पर्याय, सफाई दिवसा हाताने करा. दुसरं, थंडरबर्डमध्ये डिलीट केलेला मेल फाईलमधून लगेच जात नाही, फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच ती जागा मोकळी होते. कॉम्पॅक्ट चालू असताना बंद करू नका, कारण तेव्हा पूर्ण फोल्डर नव्याने लिहिला जात असतो.

थंडरबर्ड मागे अडकून राहिला आणि तुम्ही परत उघडायला गेलात तर तो म्हणतो, 'थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही.' टास्क मॅनेजरमधून जुना थंडरबर्ड संपवला की बहुतेक वेळा हे सुटतं. तरीही तोच संदेश आला तर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'पॅरंट डॉट लॉक' नावाची फाईल असते. ते आतून लावलेलं कुलूप समजा. टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्ड अजिबात नाही याची खात्री करा आणि मगच ती एक फाईल काढा. बाकी कशालाही हात लावू नका, तुमचे सगळे मेल त्याच फोल्डरमध्ये आहेत.

आता मेलच्या फाईलकडे येऊ, कारण पाच सेकंद बटन दाबण्याचा खरा फटका तिला बसतो. आउटलुक तुमचे मेल बहुधा पीएसटी नावाच्या एकाच मोठ्या फाईलमध्ये ठेवतो. २००२ पर्यंतच्या आउटलुकमध्ये तिची मर्यादा २ जीबी होती, २००३ आणि २००७ मध्ये २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी. मर्यादा वाढली म्हणून भरत राहायचं असं नाही. फाईल जितकी फुगलेली, तितका उघडायला आणि मिटवायला वेळ. मिटवत असताना वीज काढली तर पुढच्या वेळी आउटलुक म्हणतो, 'डेटा फाईल नीट बंद झाली नव्हती, तपासणी चालू आहे.' हा संदेश एखाद्या वेळी आला तर घाबरू नका, तपासणी पूर्ण होऊ द्या. आठवड्यातून दोनदा येत असेल तर फाईल हळूहळू खराब होऊन राहिली आहे असं समजा.

आपल्या वऱ्हाडात हे जास्त जपायला लागतं. मे महिन्यात अकोल्यात पारा ४४-४५ च्या घरात असतो, कूलर आणि एसी सगळे एकदम सुरू, आणि लाईट जाते तीही नेमकी दुपारी. साधा छोटा यूपीएस पाच-दहा मिनिटं देतो. ती मिनिटं काम पुढे ढकलायला वापरू नका, टॅली आणि मेल नीट बंद करायला वापरा.

आता विचाराल, ताई, फाईल खराब झाली तर काय एवढं? मेल तर जीमेलवर आहेतच. सगळ्यांचे नसतात! तुमचं खातं पीओपी पद्धतीने जोडलेलं असेल आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल, तर मेल तुमच्या कंप्युटरवर उतरला की सर्व्हरवरून पुसला जातो. मग जगात त्याची एकच प्रत, तुमच्या पीएसटीमध्ये. आयमॅप असेल तर प्रत सर्व्हरवर राहते. आजच अकाउंट सेटिंग उघडून तुमचं काय आहे ते बघा. त्या फाईलमध्ये पार्टीच्या परचेस ऑर्डर आहेत, सप्लायरची बिलं आहेत, सीएशी झालेला पत्रव्यवहार आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. सहा वर्षं. बिल मेलवरच आलं असेल आणि मेल गेला असेल तर सप्लायरच्या दारात उभं राहावं लागतं.

फाईल दुरुस्त करायला आउटलुकसोबतच 'इनबॉक्स रिपेअर टूल' येतं. त्याचं खरं नाव स्कॅनपीएसटी, आणि ते ऑफिसच्या इन्स्टॉल फोल्डरमध्ये असतं. ते चालवण्याआधी पीएसटीची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढून ठेवा. २०१० नंतरच्या आउटलुकमध्ये ही फाईल सहसा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाईल्स'मध्ये सापडते. इथे गंमत बघा: आउटलुक मागे चालू असेल तर कॉपीही होत नाही आणि दुरुस्तीही होत नाही, 'फाईल वापरात आहे' असं उत्तर येतं. तुमचा पेनड्राइव्हवरचा बॅकअप महिनोन्महिने फेल होत असेल तर कारण हेच असू शकतं. आणखी एक, पीएसटी फाईल दुसऱ्या कंप्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून नेटवर्कवरून वापरू नका. मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्या पद्धतीला सपोर्ट देत नाही.

विंडोजसोबत यायचं ते साधं 'मेल' ॲप वापरणाऱ्यांसाठी: त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. त्याच्या न बंद होण्यावर वेळ घालवू नका, नवीन आउटलुक किंवा थंडरबर्डवर या.

माझ्या दुकानात आता असं चालतं. शटर ओढायच्या पंधरा मिनिटं आधी पोरगा आउटबॉक्स बघतो, रिकामा असेल तर फाइल, एक्झिट. मग तो झाडू मारतो. झाडून झाल्यावर टास्क मॅनेजर बघतो, आणि तेव्हाच शटडाउन. तोवर मेल आपला गेलेला असतो. तरी एखाद्या दिवशी अडकलाच आणि आकडे शून्यावर असले, तर तो एंड टास्क करतो आणि वहीत तारीख लिहितो. एका महिन्यात चार तारखा जमल्या की मी ॲड-इनची यादी काढून बसते.

हे सगळं करूनही सुटलं नाही तर कंप्युटरवाल्याला बोलवाल. तो आला की बहुतेक वेळा पहिलं वाक्य असतं, "फॉरमॅट मारून देतो, सगळं नवीन होऊन जाईल." हो म्हणण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा: माझी पीएसटी किंवा थंडरबर्डचं प्रोफाइल कुठे आहे, आणि तू ते कशावर कॉपी केलंस? बहुधा दोन्ही सी ड्राइव्हवर असतात, आणि फॉरमॅट सी ड्राइव्हच होतो. कॉपी दुसऱ्या कंप्युटरवर उघडून दाखव म्हणा, जुना एखादा मेल वाचून बघा. त्याला उशीर होत असेल तर होऊ द्या, चहा सांगा.